कमूचा नवा अल्बम आणि जिवाचे दोन दात

गैरअर्जदार क्रमांक एक : जिवा बारक्या मोरघा. वय अंदाजे चव्वेचाळीस. जन्मतारखेचा पुरावा सादर नाही. राहणार कारवळपाडा, तालुका मोखाडा. व्यवसाय : जव्हार-मोखाडा मार्गावर काळी-पिवळी जीप चालविणे. बांधा मजबूत, वर्ण सावळा. ओळखीची खूण : वरील पुढचे दोन दात नाहीत, सदर दात जीपच्या टपावरून पडल्याने गेले, असे गैरअर्जदार समक्ष सांगतो. स्वभाव तापट, परंतु केवळ संगीताच्या कारणावरून. यापूर्वी कोणास दुखापत केल्याची नोंद : निरंक. सबब एक वर्षाकरिता शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्यात यावे.

कागदावर गोल शिक्का आहे आणि सही हिरव्या शाईत आहे. एवढं असल्यावर त्यात काही राहून गेलं असेल, अशी शंका घेणं बरं दिसत नाही. तरी थोडं राहून गेलंय.

अठरा वर्षांपूर्वी या डोंगरात लग्न म्हटलं की बेंजो पार्टी आणि बेंजो पार्टी म्हटली की कमू. 'कमूची हळद' ही तिची सीडी ज्याच्याकडे सीडी लावायचं यंत्र नव्हतं त्याच्याही घरात होती. लोक ती कावळे उडवायला शेतात टांगायचे, पण बाहेर फेकायचे नाहीत. म्हातारे म्हणायचे, "ही बाय गात नाय, आपल्याला सोलते." आणि पुन्हा सोलून घ्यायला पुढच्या लग्नाला जायचे.

जिवा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. गळ्यात गलोल. आंब्याला धक्का न लावता देठ तोडायचा, असा नेम. कमूच्या बाबतीत त्याचं एक ठाम मत होतं : भोंग्यातून तिचा आवाज चेपून येतो. मोकळ्या गळ्याचं गाणं त्या पत्र्याच्या तोंडात कोंबायचंच कशाला? हे मत तो सगळ्यांना ऐकवायचा. सगळे म्हणायचे, "बरं." मत नुसतं बाळगून माणसाचं भागत नाही. एका लग्नात, भर दुपारी, बांबूवर टांगलेला भोंगा कर्कश ओरडत असताना त्याने ओढ्यातला गोटा गलोलीत घातला, भोंग्याच्या मधोमध नेम धरला आणि रबर सोडलं.

नेम बरोबर होता. चुकलं ते एवढंच, की शेवटच्या कडव्याला कमू बेंजोच्या खोक्यावर चढून गाते आणि तिचं तोंड बरोबर भोंग्यासमोर येतं. हे सगळ्यात चांगलं कोणाला ठाऊक असेल तर ते जिवाला.

ती खोक्यावरून मागे कोसळली. तोंडातून रक्त आलं, तीन दात लुगड्यावर पडले. भोंग्याच्या किंकाळीत गोट्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. पाहिलं सगळ्यांनी ते पडणं. दवाखान्यात तिनेच सांगितलं, खोक्यावरून पडले. डॉक्टरांनी तसंच लिहिलं. जिवाने त्या संध्याकाळी गलोल चुलीत घातली. पुढे कमूच्या गाण्यात हवा फुर्रकन जायला लागली, लग्नातली पोरं खिदळायला लागली, आणि एक दिवस तिने गाणं सोडून जव्हारला एका आश्रमशाळेत भाकऱ्या थापायची नोकरी धरली. त्यानंतर जिवाने अठरा वर्षं गाणं म्हणून ऐकलं नाही. जीपमधला टेप बिघडला तो त्याने दुरुस्त केला नाही.

मग या वर्षी अल्बम आला. जव्हारमध्ये नीलेश नावाच्या पोराने खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ काढलाय. त्याची भाची त्या आश्रमशाळेत शिकते; तिने सांगितलं, आमची स्वयंपाकीण चुलीपाशी गाते तेव्हा पोरं जेवायचं थांबतात. सात गाणी झाली. नाव 'हाय अजून'. महिन्याभरात ती सगळ्यांच्या फोनवर होती.

जिवाने जीपला नवा स्पीकर बसवला. पहिलं गाणं सुरू झालं. आवाज खाली उतरला होता, जाड झाला होता, आणि काही अक्षरांना अजून हवा जात होती. चांगला की वाईट, ते त्याला कळेना. ते कळणं मात्र भाग होतं. आवाज गेला असेल, तर तो त्याने घेतला होता. आवाज राहिला असेल, तर गोटा नुसता गोटा होता. म्हणून तो रोज अल्बम लावायचा आणि आरशातून मागच्या दहा जणांची तोंडं बघायचा. भाडं देऊन बसलेल्या या माणसांना आपण निकाल लावायला बसलोय, हे माहीत नव्हतं.

"रामी आते, कसं वाटलं?"

रामी आते रोजची. कोंबड्या विकायला जायची. म्हणाली, "गळा कमूचाच. धुवून धुवून मऊ झालेल्या लुगड्यावानी झालाय."

"म्हणजे चांगला?"

"अरे, लुगडं हाय. अंगाला लागत नाय, एवढं खरं."

जिवाने ते निर्दोष धरलं. दुसऱ्या दिवशी एक लाइनमन बसला. गाणं अर्धं ऐकून म्हणाला, "सायकलच्या ट्यूबसारखी हवा जाते बघा. बाईला म्हणावं, आधी पंक्चर काढ."

जीपमध्ये हसू झालं. जिवाने वळणावर ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला, खाली उतरला, मागचं दार उघडलं आणि लाइनमनला गचांडी धरून रस्त्यावर घेतलं. दोन कानाखाली, एक पोटात. तो वाकला तेव्हा गुडघा तोंडावर. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आत बसलेल्यांना ऐकू आला. मग त्याची पिशवी दरीत. पिशवीत सुकी मासळी होती.

"मासळी कशाला टाकलीस?" रामी आतेने विचारलं. "ती कुठं काय बोलली?"

लाइनमनने तक्रार केली नाही. गाण्याला नावं ठेवली म्हणून नाक गेलं, हे साहेबाला सांगायचं कसं? पण बातमी फिरली. त्यानंतर जिवाच्या जीपमध्ये अल्बमबद्दल कोणी वाईट बोलेना. आणि चांगलं बोललं तर ते नाक वाचवायला बोलतात की मनापासून, हे जिवाला ओळखता येईना. न्यायाधीशांना मारत सुटलं की निकालावर विश्वास बसत नाही, हा धडा त्याने स्वतःच्या खर्चाने घेतला.

घरी बायको बायडी म्हणाली, "जुनीच कमू बरी होती. हिचा गळा फाटलाय." बायडीवर हात टाकायची जिवाची छाती नव्हती. त्याने दाराला लाथ मारली. दार निखळलं. बायडीने फुकणी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. "ती तुझी कोण लागते रे? दार बसव आधी."

सुटका हेमंत सरांनी केली. हेमंत सर म्हणजे माध्यमिक शाळेचे मराठीचे मास्तर. ते गाण्याखाली अभिप्राय लिहीत आणि अभिप्रायाखाली स्वतःचं नाव, पदवीसकट. त्यांनी लिहिलं होतं : 'पूर्वीचा आवाज सुंदर होता, आताचा खरा आहे. त्या अपघाताने दात नेले आणि आत्मा दिला.' जिवाने ते तीनदा वाचलं. मग सरांना जव्हारपर्यंत पुढच्या सीटवर बसवून नेलं.

"सर, म्हणजे ती पडली नसती तर?"

"तर चांगली गायिका राहिली असती. थोर झाली नसती. घाव बसल्याशिवाय कंठात दर्द येत नाही, जिवा."

"घाव बसला ते बरंच झालं म्हणायचं."

"कलेच्या दृष्टीने," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

कलेच्या दृष्टीने! जिवाला अठरा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. आठ दिवस तो असा वागत होता, जणू अल्बमच्या कव्हरवर मदतनीसांच्या यादीत आपलंही नाव यायला हवं होतं.

नवव्या दिवशी मोखाड्याचा आठवडी बाजार होता. तुषार नावाच्या पोराच्या डीजेची गाडी बाजाराच्या तोंडाशी उभी होती. तुषारने कमूचं गाणं घेऊन दुप्पट वेगाने पळवलं होतं आणि जिथे जिथे हवा जायची तिथे कुकरची शिट्टी घातली होती. पोरं शिट्टीवर उड्या मारत होती. जिवा उभा राहिला. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. तिसरीला तो जीपकडे गेला आणि चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन आला.

पहिला स्पीकर एका घावात फाटला. दुसऱ्याला दोन लागले. तुषार "ए म्हाताऱ्या!" करत आडवा आला, टॉमी त्याच्या कानशिलावरून घसरली आणि कानाची पाळी लोंबायला लागली. मग तुषारची चार पोरं जिवावर पडली. त्यांनी त्याला मिरच्यांच्या ढिगावर आडवा केला आणि तुडवला. बरगडीत बुटाची टोकं, पाठीत लाकडी फळकूट. एकाने त्याचा अंगठा धरून मागे मोडला. जिवाने हाताला आला तो पाय चावला आणि मांस दाताखाली येईपर्यंत सोडला नाही. दोघांनी जाऊन जीपची पुढची काच दगडाने फोडली. मिरचीवाली दोन्ही पक्षांना एकाच शिवीत घेत होती. तुटलेला स्पीकर तरीही मधूनमधून शिट्टी मारत होता.

दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस झाली, म्हणजे शांततेचं बंधपत्र लिहून द्यायची. सुनावणीची तारीख मिळाली.

त्या तारखेला सकाळी जिवा जव्हारच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत स्टेअरिंगमागे बसला होता. काच नवी होती, अंगठा फडक्यात होता. मागे फक्त रामी आते, दोन कोंबड्यांसह. पुढचं दार उघडलं आणि कमू आत चढली. पन्नाशीची, केस निम्मे पांढरे, मांडीवर पितळी माइक बसवलेलं सागवानी सन्मानचिन्ह. आदल्या दिवशी चाहत्यांनी तिचा सत्कार केला होता. ते चिन्ह पिशवीत मावत नव्हतं.

"मोखाड्याला माझ्या नावाने डोकी फोडतो तो तूच का रे?"

"बाय... लोक काहीबाही बोलतात."

"बोलू दे. गाणं ऐकायला टाकलंय, पुजायला नाय."

स्पीकरवर तिचंच गाणं चालू होतं. तिने हात लांब करून ते बंद केलं. जिवाने सगळा धीर गोळा केला.

"बाय, तुम्हाला कसा वाटतो? आताचा आवाज."

"पहिला बरा होता."

"पण हेमंत सर लिहितात, आता दर्द आलाय."

"दर्द हिरडीत होता. गळ्यात नव्हता."

"पण आता किती जास्त लोक ऐकतात!"

"आता फोन जास्त झाले."

जिवाच्या हाताशी शेवटचा आधार उरला होता. तो त्याने घाईने पुढे केला. "तसं नाय बाय. कलेच्या दृष्टीने बघितलं, तर तो गोटा बसला नसता, तर तुमचा हा..."

कमूने मान वळवली.

"कोणता गोटा?"

स्टँडवर कंडक्टर ओरडत होते. मागे एक कोंबडी पंख फडफडवून गप्प झाली.

"मी खोक्यावरून पडले," कमू म्हणाली. "डॉक्टरच्या कागदावर तसं हाय. गोटा सांगितला असता तर दोन्ही गावं तिथंच भिडली असती, आणि पोरगी मांडवातून माघारी गेली असती. मी गायलेलं एक पण लग्न मोडलं नव्हतं तोवर. म्हणून बोलले नाय. नवऱ्याला पण नाय. अठरा वर्षं बघते, कोणाच्या तोंडातून गोटा निघतो."

"मी भोंग्याला मारला होता, बाय. भोंग्यातून तुमचा आवाज चेपून..."

सन्मानचिन्ह तिने दोन्ही हातांनी उचललं आणि माइकची बाजू पुढे करून त्याच्या तोंडात घातलं. एकदाच. भाकऱ्या थापून तिच्या मनगटांत काय बळ आलं होतं, ते कोणत्याही अभिप्रायात आलं नव्हतं. जिवाचं डोकं दारावर आपटलं. एक दात स्टेअरिंगवर पडला, दुसरा जिभेवर आला. पितळी माइक वाकडा झाला.

"काय झालं रे?" रामी आतेने विचारलं.

जिवाने दात तळहातावर घेतला. "काय नाय, आते." त्या 'आते'ला हवा गेली.

कमूने ते ऐकलं. पदराने माइक पुसला. "चल आता. तुझ्या तारखेला उशीर होतोय."

जीप भरली. मोखाड्यापर्यंत जिवा एका हाताने गाडी आणि दुसऱ्याने तोंडात बोळा धरून गेला. अर्ध्या वाटेवर कमू म्हणाली, "जीभ टाळ्याला लाव आणि मग बोल. हवा कमी जाते. मला दोन वर्षं लागली शिकायला."

तहसील कचेरीत ती त्याच्या मागोमाग आली आणि वाकडं चिन्ह काखेत मारून दाराशी उभी राहिली. कारकुनाने जिवाकडे बघून पेन उचललं. "हे ताजं दिसतं. तुषारच्या पोरांनी मारलं? नाव सांग. आत्ता वेगळा अर्ज घेतो."

जिवाने जीभ टाळ्याला लावली. "टपावरून पडलो, साहेब."

कारकुनाने ते लिहून घेतलं. दात गेले तेव्हा जीप स्टँडवर उभी होती आणि जिवा स्टेअरिंगमागे बसलेला होता.