माझा आरसा भाचीने कॉलेजात नेला

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मी इतकी खूश आहे की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी भाची कॉलेजात फिजिक्स शिकवते. वीज, चुंबकत्व आणि प्रकाश हा अख्खा कोर्स यंदा पहिल्यांदाच तिच्याकडे आलाय. उद्या विभागात आराखडा मांडायचा, आणि बाई रडवेल्या.

"आत्या, पहिल्याच आठवड्यात सूत्रं पाहून पोट्टे वर्गात येणं सोडतात. मंग मी शिकवू कोणाले?"

मला सत्तरच्या दशकातलं आमचं वाशीमचं कॉलेज आठवलं. दिवसा वीज असेलच याचा भरवसा नसे, म्हणून आमचे सर प्रकाश आधी शिकवत. खिडकीत आरसा ठेवून उन्हाची तिरीप लोलकावर पाडत आणि भिंतीवर सात रंग उमटत. ऊन सरकलं की आरसा हलवायला आमची चढाओढ. कॉन्व्हेंटमध्ये गुडघे जुळवून बसायला शिकलेली मी चक्क बाकावर चढायची.

वीज आणि चुंबक नंतर. वर्षाच्या शेवटच्या तासाला सरांनी पुन्हा तोच आरसा लावला. म्हणाले, "हे ऊन म्हणजे वीज अन् चुंबकाचीच लाट होय. वर्षभर तुमी हेच शिकून राह्यले होते."

हे सगळं सांगितलं तशी भाचीने वही पुढे ओढली. "हे आधी काहून नाही सांगितलं?"

तिथेच बसून तिने आराखडा उलटा केला. प्रकाशाने सुरुवात, शेवटही प्रकाशानेच. निघताना भिंतीवरचा माझा आरसा काढून घेतला.

"परत कधी देशील?"

"शेवटचा तास झाल्यावर."

आता वर्षभर अंदाजाने भांग पाडायचा. तुमचा असा कोणता तास अजून डोळ्यांसमोर आहे?