सिनेमाला फितूर हवा होता

आमचे हे लिफ्टमन. दिवसभर वर-खाली, वर-खाली, आणि घरी आले की तोंडाला कुलूप. यांच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकल्याचं मला आठवत नाही. आणि यांच्यावर निघालेल्या सिनेमात? सिनेमात हे बंदूकवाल्याच्या छातीला छाती भिडवून देशावर भाषण ठोकतात! थिएटरात लोक शिट्ट्या मारत होते, आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा कोण गं?"

खरं काय घडलं ते ऐका. यांच्या ऑफिसच्या इमारतीत अतिरेकी घुसले तेव्हा यांनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवली, दिवा मालवला आणि आतल्या सहा-सात जणांना घेऊन गप्प बसून राहिले. त्यात ऑफिसचा चहावाला होता. त्याला सगळे किटली म्हणतात. उरलेला गार चहा त्यानं घोट घोट सगळ्यांना पाजला, एक बाई रडायला लागल्या तर त्यांचा हात धरून बसला. पोलिसांनी बाहेर काढेपर्यंत तो यांच्या शेजारीच होता. ते मेले अतिरेकी शिरले मागच्या दारानं, कारण त्या दाराची कडी वर्षभर तुटलेली होती. साहेबांना दहादा सांगून झालं होतं. संपलं. एवढीच गोष्ट.

पण तुटकी कडी बघायला तिकीट कोण काढणार? सिनेमाचे लेखकमहाशय आमच्या घरी आले, माझ्या हातचं जेवून गेले, सगळं मान डोलावून ऐकलं. आणि सिनेमात मागचं दार उघडतो कोण, तर चहावाला! तोही पैसे घेऊन! वर सुरुवातीलाच ठळक अक्षरात, 'सत्य घटनेवर आधारित'. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बरं, घरात तरी डोक्याला शांतता? माझे धाकटे दीर म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "वहिनी, हाच खरा इतिहास. असल्या घरभेद्यांमुळेच देश पोखरला जातो." माझी लेक कॉलेजात शिकते, ती उसळली, "काका, हा नुसता मतं मिळवायचा धंदा आहे!" झालं, जुंपली दोघांची. सैन्य, सरकार, विरोधक, सगळ्यांचा उद्धार झाला. ताटातलं जेवण गार झालं. पण किटलीचं नाव एकाच्या तोंडून निघेल तर शपथ! शेवटी मी डाव आपटला. म्हटलं, "तुमची मतं घाला चुलीत. त्या माणसाच्या हातचा चहा कोणी पीत नाही आता. नोकरी जाईल त्याची." तर दीर काय म्हणाले? "अहो वहिनी, सिनेमा आहे तो, एवढं काय मनावर घ्यायचं?" घ्या! घटकेपूर्वी इतिहास होता, आता सिनेमा झाला.

पुढे ऑफिसनं यांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे म्हणाले, तो डायलॉग एकदा होऊन जाऊ दे. हे माइकपुढे उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, "दार किटलीनं उघडलं नाही. तो माझ्याबरोबर लिफ्टमधे होता. कडी तुटली होती." माझं काळीज सुपाएवढं झालं. आणि पाहुण्यांनी टाळ्या पिटत काय म्हणावं? "बघा, खरा वीर किती नम्र असतो!" कपाळ माझं!

महिनाअखेरीला किटलीला काढून टाकलं. कारण विचारलं तर म्हणे, सुरक्षा.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. तो दारातच हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, नोकरी गेली तर गेली हो. पण परवा आई विचारत होती, खरं सांग, किती पैसे घेतलेस?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी काही बोलायच्या आत हे आत गेले, म्हातारीजवळ बसले, तिचा हात हातात घेतला. उभ्या जन्मात बोलले नसतील एवढं बोलले. लिफ्ट, अंधार, गार चहा, रडणारी बाई, तुटकी कडी. एकही गोष्ट सोडली नाही.

म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग यांच्या गालावरून हात फिरवला.

"तुम्ही देवमाणूस आहात," ती म्हणाली. "सिनेमातसुद्धा शेवटी तुम्ही त्याला माफच केलंत."

किटली चहाचे कप घेऊन दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं.