उरलेला चुना

आमच्या ख्रिस्ती घरांत ईस्टरच्या आदल्या दिवशी स्वयंपाकाच्याही आधी चुना भिजतो. कळीचा चुना बादलीत फसफसतो, त्यात चिमूटभर नीळ पडते आणि माणसं कुंचे घेऊन दफनभूमीकडे निघतात. वर्षभर गवतात बुडालेल्या कबरी साफ करायच्या, पांढऱ्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिथंच उभं राहून एकमेकांना सांगायचं, “प्रभू उठला आहे.” ऐकणाऱ्यानं म्हणायचं, “खरोखर उठला आहे.” लहानपणापासून मी हे दरवर्षी म्हणत आले होते, नमस्कार म्हणावा तितक्या सहज. लेक गेली त्यानंतरच्या ईस्टरला मात्र ते माझ्या तोंडून निघेना.

तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा झाला नव्हता. आखाडा बाळापूरजवळच्या एका खेड्यात मी शाळेवर शिक्षिका होते, नवरा वायरमन. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. एका धनगर कुटुंबाच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालकीण माझ्याहून बरीच मोठी; मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला बाई. तिचे सासरे, आबा, दिवसभर शेरडं घेऊन नाल्याच्या अंगाला असायचे. बोलणं मोजकं, आणि तेही जास्त करून शेरडांशीच. माझ्या लेकीला तेल लावून न्हाऊ घालण्याचं काम वहिनींनी स्वतःकडे ओढून घेतलं होतं. मी घातलं की पोरगी टाहो फोडायची, त्यांनी घातलं की खिदळायची. मला याचा भारी राग यायचा.

पावसाळ्यात तिला ताप भरला, छाती घरघरायला लागली. जीप करून नांदेडला निघालो आणि वारंगा फाटा ओलांडल्यावर ती माझ्या मांडीवरच गेली. सहा महिन्यांची होती. नांदेड माझं सासर, म्हणून तिथल्या दफनभूमीत तिला ठेवलं.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. देवाला चांगली फुलंच आवडतात, असं जो तो म्हणायचा. देवाला फुलांची एवढी हौस असेल तर त्यानं ती बाजारातून आणावीत, असं मी एकीला तोंडावर सुनावलं. त्यानंतर लोक जरा जपून यायला लागले, ते बरंच झालं. मी प्रार्थना सोडली. जेवणाआधी नवरा एकटाच डोळे मिटायचा आणि मी तोवर ताट पुढे ओढलेलं असायचं. तो काही बोलायचा नाही, त्याचाही मला राग यायचा.

ईस्टर जवळ आला तेव्हा उपासनेला मी येणार नाही, असं मी त्याला सांगून टाकलं. पण कबर दुसऱ्या कुणी रंगवलेली मला चाललं नसतं. म्हणून मी घरीच चुना भिजवत बसले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, चुना कशाला भिजवून राहिलात?”

मी सांगितलं. त्या खालीच बसल्या.

“मंजे तुमी पुरल्या जागेवर जाता? आई बी जाती?”

“जाते की.”

“मला न्या संगं,” त्या म्हणाल्या. “म्या न्हाऊ घातलंय तिला.”

शनिवारी आम्ही तिघं एसटीनं नांदेडला गेलो. वहिनींनी तिथं माझ्या हातातला कुंचा काढूनच घेतला. आधी पदर खोचून गवत उपटलं, मग तो एवढासा ओटा पाण्यानं धुतला. धुताना त्यांचा हात पोरीच्या पाठीवरून फिरायचा तसाच फिरत होता, वरून खाली, हलक्यानं. मला ते बघवेना. मी बादली ढवळत राहिले.

“तुमचं बरं हाय,” त्या चुना लावता लावता म्हणाल्या. “जागा तरी हाय तुमाला.”

त्यांचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन गेला होता, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं एका अंगणात राहून त्या कधी बोलल्या नव्हत्या. आबांनी लेकरू फडक्यात गुंडाळलं आणि एकटेच नाल्याकडे घेऊन गेले. एवढ्या लहानाला पुरायचं, जागेवर खूण ठेवायची नाही, आईनं जायचं नाही आणि विचारायचंही नाही, अशी रीत. पुढे दोन मुलं झाली, मोठी झाली. वहिनींनी विचारलं नव्हतं.

“नाल्याला पानी आनायला गेलं की वाटतंय, इथं आसंल का? पाय कुटं ठेवावा ते कळत न्हाई.”

त्यांनी कुंचा बादलीत ठेवला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

“बाई, तुमच्यातले लोक खरंच उठतेत का?”

“तसं म्हणतात,” मी तुटकपणे म्हणाले.

“माझं बी उठंल का? त्याला तर नाव बी ठिवलेलं नव्हतं.”

“उठेल,” मी म्हणाले.

मी थांबले नाही, विचारही केला नाही. बाप्तिस्मा झाला होता की नाही, कुणाचं पोर, कुठल्या देवाचं, ते सगळं पाळकांनी बघत बसावं. त्या बाईच्या तोंडाकडे पाहून दुसरा शब्द माझ्या तोंडातून निघणंच शक्य नव्हतं. वहिनींनी मान हलवली, जणू दळण उद्या मिळेल असं मी सांगितलं होतं. उरलेला चुना त्यांनी डब्यात भरून घेतला, चुलीमागची भिंत होईल म्हणाल्या, आणि शेरडं दोहायला उशीर होतोय म्हणून दुपारच्याच गाडीनं गावी गेल्या.

मी मात्र सासरच्या घरी स्वतःशीच भांडत बसले. माझ्या पोरीबद्दल जे म्हणायला माझी जीभ उचलत नाही, ते मी त्यांच्या पोराबद्दल बेधडक सांगून मोकळी झाले होते. मी त्यांना फसवलं का? की मला ते ठाऊक होतं आणि मी रागानं दाबून ठेवलं होतं? पहाटे नवरा तयार झाला तेव्हा मीही साडी बदलली. त्यानं काही विचारलं नाही, आणि या वेळी मला राग आला नाही. सगळ्या कबरी पांढऱ्या दिसत होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या. पाळकांनी मोठ्यानं सांगितलं, “प्रभू उठला आहे.” सगळ्यांनी उत्तर दिलं. माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

दुपारी गावी परतलो तर आबा ओट्यावर बसलेले, शेजारी चुन्याचा तो डबा. शेरडं दावणीलाच होती. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, डोळे सुजलेले.

“रातच्याला इचारलं म्या मामाला,” त्या मला म्हणाल्या. “पयल्यांदा.”

“बाई आल्यावर जाऊ, म्हनली ही,” आबा म्हणाले आणि उठले. “चला.”

ते पुढे, त्यांची शेरडं, मागं आम्ही दोघी. नाल्याच्या वरच्या अंगाला एक हिवराचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी धोंड्यांची लहानशी रास. धोंडे नाल्यातलेच, गुळगुळीत, पण हातानं एकावर एक नीट ठेवलेले.

“खून ठेवायची रीत न्हाई,” आबा म्हणाले. “पर शेरडं तुडवतेत. म्हून ठिवत गेलो एकेक.”

“मला काहून सांगितलं न्हाई, मामा?” वहिनींनी विचारलं.

“तवा जागा दाखिवली आसती तर तू हितून उठली नसतीस.”

वहिनी खाली बसल्या. रडल्या, मग डबा उघडला. कुंचा नव्हता, त्यांनी हातानंच चुना घेतला आणि एकेका धोंड्याला लावला. मीही हात घातला. दोघींचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. काम झालं तेव्हा त्यांनी विचारलं, “तुमच्यात आज काय म्हनत आसतेत?”

“एकानं म्हणायचं, प्रभू उठला आहे.”

“अन् दुसऱ्यानं?”

“ते मी म्हणेन. तुम्ही म्हणा.”

वहिनींनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या रासेकडे बघत म्हणाल्या, “प्रभू उठलाय.”

“खरोखर उठला आहे!” मी म्हणाले. इतक्या महिन्यांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. माझी पोर, त्यांचं पोर, दोघंही त्या ओरडण्यात होती. शेरडं बिचकून बाजूला पळाली.

“हळू, बाई,” आबा म्हणाले. “लेकरू निजलंय.”