आडवा होऊन परतलेला उजेड

संगणकावर मी प्रकाशाचा एक किरण सोडला. त्याच्या लहरी कुठल्या दिशेला डोलतात, ते सॉफ्टवेअर लाल बाणांनी दाखवतं. वाटेत चुंबकाच्या मधोमध ठेवलेली काच होती, पुढे आरसा. काचेतून जाताना उभे बाण कलले. परतताना ते सरळ होतील असं वाटलं, तर ते आणखी कलून पार आडवे झाले!

"आई, धाव!" मी ओरडलेच.

हॉस्टेलहून आल्यापासून आईचं एकच पालुपद, "तू पूर्वीसारखी राहिली नाहीस." पिठाच्या हातांनीच ती आली. "उभा गेलेला उजेड बघ, आडवा होऊन परतला," मी दाखवलं. ती ते बाण न्याहाळत राहिली.

"पण गेला त्याच वाटेनं परत आला ना?"

"हो गं!"

"मग झालं तर," म्हणत तिनं माझ्या गालाला पीठ फासलं.