झिंगूच्या चपलांची बेडकी

सिंदेवाहीकडच्या त्या गावात मरळ धरायची तर गळाला सोमारीच्या हातची बेडकी हवी, हे ढिवरपुऱ्यात, मासेमारांच्या वस्तीत, कुणीही सांगेल. बेडकी खोटी, अंगठ्याएवढी, मऊ आणि तरंगती. मरळ तिला खरी समजून झडप घालते. सोमारीला मात्र मरळीपेक्षा तरंगण्याचीच काळजी जास्त. मागं एका उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचा, झिंगूचा गळ बुडून तलावातल्या लव्हाळ्यात अडकला. तो सोडवायला झिंगू पाण्यात शिरला आणि वाघानं त्याला तिथंच धरलं. काठावर चपला तेवढ्या राहिल्या. तेव्हापासून बुडणारा गळ तिनं घरात येऊ दिला नाही.

सामान निवडताना ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. बाशिंगाचं भेंड हलकं, पण मरळीच्या दातांत त्याचा भुगा होतो. स्पंज मऊ, पण घटकाभरात पाणी पिऊन तळ गाठतो. ट्यूबचं रबर तर दगडाचा सख्खा भाऊ! यंदा शेवटी तिनं झिंगूच्या चपलाच कापल्या. वापरून मऊ पडलेला फोम, तोंडात धरला की दबणारा, सोडला की फुगणारा. बापाची वस्तू लेकाला राखील, असंही तिला वाटलं. दुःखात माणूस अक्कल गहाण टाकतो, तो असा.

ऐन विशीतल्या लेकाला, बिरजूला ती एकट्याला तलावावर जाऊ देत नसे. त्या सकाळीही गवत कापायच्या निमित्तानं विळा घेऊन ती मागोमाग गेली. पहिल्याच फेकीला मरळ लागली, बेडकीसकट लव्हाळ्यात घुसली आणि हिसका देऊन सुटली. बेडकी तिथंच अडकून डुलत राहिली. बिरजूनं तंगूस, गळाची नायलॉनची दोरी, ओढून पाहिला, पण ती हलेना. इतक्यात पलीकडच्या झाडावर वानर खाकरलं, वाघाची चाहूल लागल्यावर खाकरतं तसं.

"तोड तंगूस," सोमारी म्हणाली.

"बाची चप्पल हाय ते, माय. कशी सोडू? समोरच तं दिसून राह्यली."

गळाची काठी तिच्या हातात देऊन तो पाण्यात उतरलासुद्धा.

बेडकी बुडाली असती तर दिसली नसती, दुसऱ्या कशाची असती तर पोरगा गेला नसता. मरळीसाठी नव्हे, लेकासाठीच सोमारीनं आमिष बनवलं होतं. वानर पुन्हा खाकरलं. तिनं काठी टाकली, लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली.

"तू कुठी येऊन राह्यली?" बिरजू ओरडला.

"तुह्यासंग. तुह्या बाले नेलं, तुलेबी नेलं, मंग मी काठावर बसून काय करू? चाल, दोघंबी जाऊ."

ती त्याच्याही पुढं निघाली. बिरजूनं तिचा दंड धरला. लव्हाळं हललं, वाऱ्यानं की आणखी कशानं, ते कळलं नाही. तो तिला घेऊन पाठमोरं न होता एकेक पाऊल मागं सरकला. काठावर येताच त्यानंच तिच्या विळ्यानं तंगूस कापला.

दुपारी ती टीव्हीच्या खोक्यातला पांढरा फोम कापत बसली. बिरजूनं तुकडा दाबून पाहिला.

"कडक हाय, माय. मरळ थुंकून देईल."

"देऊ दे," सोमारी म्हणाली. "हे पाण्यात सोडून तू घरी येशील ना?"