हळदीच्या मांडवातल्या आजी

त्या दुपारची आठवण झाली की आज हसू येतं, पण तेव्हा माझी चांगलीच धावपळ झाली होती. मी अंधेरीच्या बाजूला पोलीस निरीक्षक होतो. मुलुंडचे एक बँक अधिकारी घामाघूम होऊन चौकीत आले. सुट्टी म्हणून आईला वेसाव्याचा जुना कोळीवाडा दाखवायला आणलं होतं. वाळत घातलेल्या बोंबलांचे फोटो काढून मागे वळतात तो सत्तरी ओलांडलेली आई गायब! तिचा मोबाइलही यांच्याच खिशात.

"साडी कोणत्या रंगाची?" मी विचारलं. त्यांना सांगता येईना. हातातल्या सोन्याच्या पाटल्या मात्र पक्क्या ठाऊक. नातेवाईकांचं हे नेहमीचंच. पण पाटल्या म्हटल्यावर मलाही चोरीची शंका आली. त्यात भरती चढत होती.

बेपत्ता नोंद घेतली, वायरलेसवर वर्णन कळवलं, हवालदारांना धक्क्यावर पिटाळलं. तिथल्या बर्फवाल्याने खबर दिली, की एका बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, एका म्हातारीला हाताला धरून गल्लीत घेऊन गेला. तांडेलाला चौकीत आणलं. मी आवाज चढवला, तर तो माझ्यावरच चढला.

"अरे साहेब, म्हातारी उन्हात एकटी बसलेली. बोललो, कुठं जायचं आजी? तर बोलली, बाजा वाजतोय तिथं. सोडली हळदीच्या मांडवात. गुन्हा केला काय?"

आम्ही मांडवात धावलो. आजी बायकांच्या घोळक्यात मांडी ठोकून लसूण सोलत होत्या. गालाला हळद लागलेली. नवरदेवाच्या आत्याला विचारलं, या कोण?

"आमाला वाटलं, वैनीच्या माहेरची हाय!"

आणि वहिनीच्या, म्हणजे नवरदेवाच्या आईच्या, माहेरचे त्यांना आत्याकडच्या समजत होते. लग्नघरी आलेल्या म्हातारीला तू कोणाची, असं विचारायचं तरी कसं? जेवायला वाढलं आणि कामाला बसवलं.

मुलगा रडवेला झाला. "आई, जीव गेला ना माझा! न सांगता कशी गेलीस गं?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस? घरी सुरीसुद्धा हातात देत नाही तुम्ही. बस, दमशील, म्हणता. एवढा लसूण होऊ दे, मग येते."

तो बूट काढून तिच्याशेजारी बसला आणि पाकळ्या सोलू लागला. मला फार बरं वाटलं. आजी सापडल्याचं कळवून मी तांडेलाची माफी मागितली.

पुढे बेपत्ता वृद्धांच्या कितीतरी तक्रारी घेतल्या. नेहमीचे प्रश्न संपले की मी एक जास्तीचा विचारायचो, घरी त्यांच्याकडे काम काय असतं? बहुतेक जण म्हणायचे, काही नाही, आम्ही करूच देत नाही. सगळं प्रेमापोटीच काढून घेतलेलं असायचं. मग मी त्यांच्यासाठी चहा मागवायचो.