कणगीत डोकावणारी आक्का

निपाणी-संकेश्वर पट्ट्यात धान्याची अशी एकही कणगी नसेल, की जिच्यात आक्कांनी डोकं घालून पाहिलं नाही. आक्का म्हणजे लहान मुलांना देवी टोचायला येणाऱ्या बाई. अंगावर पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा, काखेत टोचणीची पेटी. त्या काळी बाईमाणूस एकटं गावोगाव हिंडतंय, याचंच लोकांना नवल! त्यात तोंड फटकळ. मराठी घरात मराठीतून, जैनांच्या घरात कानडीतून, शिव्या मात्र दोन्हीकडं सारख्याच. एखादी आई पोर पुढं करीना, तर आक्का खुशाल तिच्या ओसरीवर बसून तिच्याच शेंगा फोडायला लागायच्या. "देवीला निवद दाव, पर पोर मला दाव," म्हणायच्या. तरीही ती भ्याली, तर आधी स्वतःच्या दंडावर टोचून दाखवायच्या. बिचारीच्या दंडाची पार चाळणी झाली होती. आणि निघताना कणगीत डोकावायचंच. "आक्का आली, दाणं झाका गं!" म्हणून बाया खिदळायच्या. मीही हसायचे. हसू नाही तर काय करू? ती खोड त्यांना आमच्याच घरानं लावली होती.

मी सात वर्षांची होते. आक्का गल्लीत आल्याचं कळताच आईनं धाकट्या सोनीला रिकाम्या कणगीत उतरवलं आणि तिच्या तोंडात गुळाचा खडा दिला. टोचून घेतलं तर देवी कोपते, असं तिला भय. मी मात्र दारातच सापडले. मला टोचून झाल्यावर आक्कांनी विचारलं, "घरात आनि कोण हाय गं?"

मी आईकडं पाहिलं. "कोण न्हाय," म्हणाले.

सोनीनं हूं की चूं केलं नाही. लई गुणाची पोर.

पुढच्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. मी वाचले, सोनी गेली. आक्का भेटायला आल्या तेव्हा आई धाय मोकलून म्हणाली, "कणगीत दडवलीती वो आक्का!" त्या उठल्या, कणगीपाशी जाऊन बराच वेळ आत बघत राहिल्या. मला वाटलं, आता मला बडवणार. पण त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चूक माजी हाय. मी आत बघाय पायजे हुतं," म्हणाल्या. देवाशप्पथ, त्यांनी बडवलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं माझ्या लेकीला टोचायला आल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. लेक माझ्या मांडीवरच होती. तरी आक्का आधी चाचपडत कणगीकडं गेल्या आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला.

"कोण न्हाय आक्का," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

"म्हाईत हाय गं बाई," त्या म्हणाल्या. पण हात त्यांनी पार तळापर्यंत फिरवला, आणि मगच पेटी उघडली.